मिरजेत बसून दिलेला इंग्लंडचा इंटरव्ह्यू

इंग्लंडमधल्या हॉस्पिटलातल्या नर्सच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यूचा मेल आला तेव्हा नाइट संपवून मी नुकतीच आडवी झाले होते. मंगळवार, २८ मार्च २०२३, सकाळी १० वाजता, मायक्रोसॉफ्ट टीम्सवर. पॅनेलवर दोघीजणी, वेळ साधारण ४० मिनिटं, पासपोर्ट हाताशी ठेवा. इंग्लंड आपल्या साडेपाच तास मागं, म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. उठले, शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर ‘३.३०’ असं मोठ्या आकड्यांत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि मग काही झोप लागली नाही. हातात बारा दिवस होते.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेली स्टाफ नर्स. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आठ वर्षांची नोकरी, त्यातली शेवटची पाच वर्षं मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डात. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून पार अथणी-विजापूरकडचे पेशंटही मिरजेची वाट धरतात. आमच्या वॉर्डात एका खाटेवर मराठी, शेजारच्या खाटेवर कानडी, पलीकडं उर्दू. कुठं दुखतंय, किती दिवस झाले, हे मला तिन्ही भाषांत विचारता येतं. इंग्रजीत मी ऑर्डरी वाचल्या होत्या, नर्सिंग नोट्स लिहिल्या होत्या. पण इंग्रजीत कधी कुणाला धीर दिला नव्हता.

इंटरव्ह्यूपर्यंत पोचायलाच दीड वर्ष गेलं होतं. आधी ओईटी, इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी ग्रेड लागते, लिहिण्यात सी प्लस चालते. माझं बोलणं पहिल्या वेळी राहिलं, दुसऱ्या वेळी निघालं. मग सीबीटी, म्हणजे तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची, एनएमसीची, कॉम्प्युटरवरची परीक्षा. अर्ध्या तासात १५ गणितं आणि नंतर अडीच तासांत १०० प्रश्न. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईला गेले, परीक्षा दिली, त्याच रात्रीच्या महालक्ष्मीनं परत आले. ज्या गणितांना घाबरले होते तीच सोपी निघाली. १ लिटर सलाइन ८ तासांत द्यायचंय, सेट एका मिलिलिटरला २० थेंबांचा, तर मिनिटाला थेंब किती? ४२. हे तर आपण रोज खाटेपाशी उभ्या उभ्या करतो.

एजंटाचं इथंच सांगून टाकते, कारण यात पोरी फार फसतात. एका ऑफिसात माझ्याकडं ‘इंटरव्ह्यूची गॅरंटी’ म्हणून दोन लाख मागितले होते, आणि मी गंठण मोडायच्या विचारात होते. नंतर कळलं की ब्रिटिश सरकारच्या आचारसंहितेप्रमाणे एनएचएससाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, परदेशातून नर्सेस घेणाऱ्या एजन्सीनं उमेदवाराकडून भरतीची फी घ्यायचीच नसते. ती फी नोकरी देणारं हॉस्पिटल भरतं. अशा एजन्सींची यादी एनएचएस एम्प्लॉयर्सच्या वेबसाइटवर असते. आपल्याकडं परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवरही नोंदणी झालेले एजंट बघता येतात. मी दोन्हीकडं नाव तपासून मगच अर्ज केला. परीक्षांच्या फीला पैसे लागले ते लागलेच, पण गंठण गळ्यात राहिलं.

आता त्या बारा दिवसांचं. पहिले तीन मी पाठांतरात घालवले. नर्सेसच्या ग्रुपवर एक पीडीएफ फिरत असते, शंभर प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं. सिक्स सीज सांगा: केअर, कम्पॅशन, कॉम्पिटन्स, कम्युनिकेशन, करेज, कमिटमेंट. एनएमसी कोडचे चार भाग सांगा. सेफगार्डिंग म्हणजे काय. सगळं वहीत उतरवून काढलं आणि भाकरी थापताना, लेकीची वेणी घालताना, रिक्षात बसल्यावर पुटपुटत राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला वाटलं, निम्मं काम झालं.

त्याच रात्री ताईचा व्हिडिओ कॉल आला. ताई म्हणजे आमच्या नर्सिंग स्कूलची सीनियर, दोन वर्षांपूर्वी इंग्लंडला गेलेली. तिची ड्युटी संपली होती, अंगात अजून युनिफॉर्म होता.

“चल, पेशंट अचानक बिघडला तर काय करशील?”

मी सुरू झाले. वुई चेक द व्हायटल्स, वुई इन्फॉर्म द डॉक्टर, वुई गिव्ह ऑक्सिजन अ‍ॅज पर ऑर्डर. अजून चार वाक्यं होती, पण ताईनं हात वर केला.

“पेशंट कोण होता?”

“कुठला पेशंट?”

“तेच विचारतेय. वय किती, कशासाठी अ‍ॅडमिट, किती वाजले होते, आणि तू काय केलंस?”

“ताई, खरा पेशंट सांगायचा?”

“नाव-गाव सोडून सगळं खरं. अगं, पॅनेलवरच्या बायका वॉर्डात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या असतात. पाठ केलेलं त्यांना पहिल्या वाक्यात कळतं.”

ती म्हणाली, प्रत्येक प्रश्नाला स्वतःच्या कामातला एक प्रसंग शोध. काय घडलं, तुझी जबाबदारी काय होती, तू काय केलंस, पुढं काय झालं, या क्रमानं सांग. तिकडं याला स्टार म्हणतात. ऐकायला सोपं होतं. करायला बसले तेव्हा कळलं की आठ वर्षांत शेकडो पेशंट झाले आणि त्यातला एकही मला धड सांगता येत नव्हता.

मी उत्तरं फोनवर रेकॉर्ड करायला लागले. दुपारी स्वयंपाकघरात बसून परत ऐकायचे. सासूबाई शेजारी लसूण सोलत असायच्या. त्यांना इंग्रजी येत नाही. दोन दिवस त्या गप्प ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “एक विचारू का? ही ‘वी’ कोण गं? सारखं तिचंच नाव घेतीस.”

“वी म्हणजे आम्ही, आई.”

“मग आम्ही कशाला? नोकरी तुला पायजे का सगळ्यास्नी?”

मी रेकॉर्डिंग मागं नेऊन पहिल्यापासून ऐकलं. चार मिनिटांच्या उत्तरात ‘आय’ एकदाही नव्हता.

यावर मी खूप विचार केला. आपल्याकडं ‘मी केलं, मी केलं’ म्हणणं बरं दिसत नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. आणि वॉर्डात तर बोलायची रीतच अशी की करणारा वाक्यात येतच नाही. हँडओव्हर देताना आपण काय म्हणतो? ‘सरांना कळवलंय. इंजेक्शन दिलंय. नातेवाइकांना सांगितलंय.’ कुणी कळवलं, कुणी दिलं? मराठीत ते न सांगताही वाक्य पुरं होतं. इंग्रजीत बोलायला गेलं की कर्ता लागतो, आणि मग आपण तिथं ‘वुई’ बसवतो. पॅनेलवरच्या बाईला मात्र हे जाणून घ्यायचं असतं की रात्री दोन वाजता ती घरी झोपलेली असताना तिच्या वॉर्डातल्या पेशंटजवळ ही उभी असेल, तेव्हा ही काय करेल. ‘वुई’ म्हटलं की तिला काहीच कळत नाही.

प्रसंग शोधत होते तेव्हा एक रात्र सारखी मध्ये येत होती. मी ती बाजूला सारत होते. सहाव्या दिवशी बसले आणि वहीत सगळी लिहून काढली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, पावसाळ्याचे दिवस. वॉर्डात ३२ पेशंट, नाइटला आम्ही दोघी. ७ नंबरच्या खाटेवर ५८ वर्षांचे एक काका, ऊस शेतकरी, शुगरचे पेशंट, ताप आणि खोकल्यासाठी आदल्या दिवशी अ‍ॅडमिट झालेले. दोनच्या राउंडला गेले तर जागे होते. म्हणाले, “सिस्टर...” मग थांबले, श्वास घेतला, “...पाणी देता का.” एवढंसं वाक्य आणि त्याचे दोन तुकडे. मी चार्ट बघितला. श्वासाचा रेट सकाळी २०, दुपारी २०, रात्री २०. आपल्याकडं असंच असतं, हे प्रत्येक नर्सला ठाऊक आहे. पल्स मोजतात, बीपी घेतात, श्वास मात्र कुणी मोजत नाही. नजर टाकायची आणि २० लिहायचं. रात्रीचं ते २० माझ्याच अक्षरातलं होतं.

मी त्यांचं मनगट हातात धरलं, पल्स मोजतेय असं दाखवलं आणि छातीकडं बघत पूर्ण एक मिनिट मोजले. पेशंटला कळलं की आपला श्वास मोजतायत, तर तो वेगळाच घ्यायला लागतो, म्हणून असं करायचं. २६ भरले. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९३, पल्स ११४, वरचं बीपी १०४, ताप १०१.२. शुद्धीवर होते, नीट बोलत होते. २ वाजून १० मिनिटांनी मी ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना, आरएमओंना, फोन केला. ‘ऑक्सिजन लावा, सकाळी राउंडला बघू.’ ऑक्सिजन लावला. साडेतीनला पुन्हा केला. ‘सांगितलं ना, सिस्टर.’ मोठ्या डॉक्टरांचा नंबर नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर चिकटवलेला होता. मी दोनदा त्या भिंतीकडं बघितलं. फोन केला नाही. सहा वाजता काका झापडीत गेले. आयसीयूत हलवलं, दुपारपर्यंत व्हेंटिलेटर लागला.

ते वाचले. बऱ्याच दिवसांनी चालत घरी गेले. जाताना त्यांच्या मालकीणबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “तुमी वळखलंसा म्हणून.” मला तिथं उभं राहवेना.

इंग्लंडच्या हॉस्पिटलांत न्यूज टू नावाचा चार्ट वापरतात, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ मध्ये सुधारून काढलेला. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप, प्रत्येकाला गुण. गुण जितके जास्त तितका धोका. तो तक्ता मी पाठच करत होते, म्हणून काकांचे आकडे त्यात घातले. श्वास २६, म्हणजे ३. सॅच्युरेशन ९३, म्हणजे २. फोन केला त्या वेळी ऑक्सिजन नव्हता, ०. बीपी १०४, १. पल्स ११४, २. शुद्ध चांगली, ०. ताप सेल्सिअसमध्ये ३८.४, १. बेरीज ९.

५ झाले की डॉक्टरनं तातडीनं येऊन बघायचं. ७ किंवा त्याच्या वर गेले की ती इमर्जन्सी, सीनियर टीम लगेच खाटेपाशी हजर पाहिजे. आणि काकांचे ९ होते, रात्री दोन वाजता, माझ्या हातात. मला त्या रात्री वाटत होतं ते बरोबरच होतं. ते सांगायला माझ्याकडं आकडा नव्हता आणि आकडा असता तरी आरएमओंना ओलांडून वर फोन करायचं धाडस नव्हतं. सिक्स सीजमधलं ‘करेज’ मी तीन दिवस घोकत होते. ते काय असतं ते त्या बेरजेपाशी कळलं.

ताईला फोन करून विचारलं, ही रात्र सांगू का? यात माझीच कमतरता दिसते. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तेव्हा काय केलंस ते सांग, आणि आता काय करशील ते सांग. लपवू नकोस.”

पुढचे दिवस बाकीच्या तयारीत गेले. त्यातलं एक मला सगळ्यात अवघड गेलं, ते सांगते. प्रश्न असा: पेशंट औषध घ्यायला नको म्हणतो, तुम्ही काय कराल? मी सहज म्हणून गेले, नातेवाइकांना बोलावून समजावायला सांगेन. ताई म्हणाली, इथं हे उत्तर चालत नाही. २००५ चा मेंटल कॅपॅसिटी अ‍ॅक्ट असं धरून चालतो की मोठ्या माणसाला स्वतःचा निर्णय स्वतः घेता येतो. येत नाही असं म्हणायचं असेल तर ते आधी दाखवून द्यावं लागतं. आणि निर्णय तुम्हाला शहाणपणाचा वाटला नाही, एवढ्यावरून त्याला समज नाही असं ठरत नाही. तेव्हा आधी पेशंटलाच विचारायचं, का नको म्हणतोय. गोळी गिळता येत नाही? मळमळतंय? भीती वाटतेय? मग समजावायचं, तरीही नको म्हणाला तर लिहून ठेवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. मुलाला फोन करायचा तोही पेशंटला विचारून.

आपल्या वॉर्डात किती वेळा होतं, मुलगा बाहेर गाठून म्हणतो, ‘सिस्टर, आईला कॅन्सर आहे म्हणून सांगू नका,’ आणि आपण मान डोलावतो. आजी विचारतात, ‘बाळ, मला काय झालंय गं?’ आणि आपण म्हणतो, ‘काही नाही आजी, सूज आहे जरा.’ मी हे मायेनंच करत आले. मुलगाही मायेनंच सांगतो. पण त्या चार दिवसांत मला त्या आज्यांचे चेहरे आठवत राहिले. त्यातल्या बऱ्याच जणींना माहीत असणार. आपल्या आजाराबद्दल बोलायला त्यांना कुणी मिळालं नाही, एवढंच.

औषधांच्या नावांचीही सवय मोडावी लागली. आपण मोनोसेफ म्हणतो, लॅसिक्स म्हणतो, पॅन म्हणतो, एमेसेट म्हणतो. तिकडं औषधाचं मूळ नाव घ्यायचं: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, फ्युरोसेमाइड, पॅन्टोप्राझोल, ऑन्डॅन्सेट्रॉन. दोन नाइट मी ट्रॉली लावताना प्रत्येक अ‍ॅम्प्यूलवरचं बारीक अक्षरातलं नाव मोठ्यानं वाचलं. जोडीची मुलगी बघत राहिली, मग तीही वाचायला लागली.

औषध चुकीचं दिलं गेलं तर काय, हा प्रश्न येणारच असं ताईनं सांगितलं होतं. आधी पेशंट सुरक्षित आहे का बघायचं, डॉक्टरांना कळवायचं, इन्सिडंट रिपोर्ट भरायचा, आणि पेशंटला खरं सांगून माफी मागायची. तिकडं त्याला ड्यूटी ऑफ कँडर म्हणतात आणि ते कायद्यानं बांधलेलं आहे. शेवटचं वाक्य तोंडातून सहज यायला मला वेळ लागला.

‘आमच्याच हॉस्पिटलला का यायचंय’ याचं उत्तर मात्र मला स्वतःला आवडलं. पीडीएफमध्ये ‘नामांकित संस्था’ वगैरे होतं. मी ते सोडून केअर क्वालिटी कमिशनचा त्या हॉस्पिटलवरचा तपासणी अहवाल वाचला. तिकडच्या हॉस्पिटलांचे असे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात, आणि त्यात चांगलं-वाईट दोन्ही लिहिलेलं असतं. वृद्ध पेशंटांच्या वॉर्डात नर्सेस कमी पडतात हे त्यात होतं. मला ज्या वॉर्डासाठी बोलावलं होतं तो तोच. ते वाचल्यावर, आपल्याला का बोलावतायत हे कळलं आणि जीव थोडा थाऱ्यावर आला. मी काही मागायला जात नव्हते, त्यांनाही माणूस हवं होतं.

आणि मग शनिवारी रात्री ताईचा मेसेज: ‘उद्या इथली घड्याळं एक तास पुढं जातात. तुझा इंटरव्ह्यू किती वाजता लिहिलायस?’

मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ सुरू होते. त्या दिवसापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते आपल्या साडेचारच तास मागं असतात. २६ मार्च हाच तो रविवार होता. म्हणजे मंगळवारी त्यांचे दहा वाजतील तेव्हा आपले अडीच. इतके दिवस मी ज्या ‘३.३०’ खाली दोन रेघा मारून बसले होते, त्या वेळी मी टीम्स उघडलं असतं तर तिकडं इंटरव्ह्यूची वेळ टळून गेलेली असती. वही उघडून आकडा खोडताना हात थरथरत होता. मार्चअखेर किंवा ऑक्टोबरअखेर कुणाचा इंटरव्ह्यू असेल तर कृपा करून तारीख घालून वेळ तपासा. मेलमध्ये टाइम झोनची ती तीन अक्षरं असतात, जीएमटी किंवा बीएसटी, ती मी वाचलीच नव्हती.

मंगळवारी लेकीला शेजारच्या काकूंकडं पाठवलं. लॅपटॉप दिराचा. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून खाली तांदळाचा डबा ठेवला. लाइट गेली तर म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट चालू ठेवला. साधा निळा कुर्ता घातला, केस वॉर्डात बांधते तसे बांधले. सासूबाईंनी दारात खुर्ची टाकली आणि बसल्या. कुणाला आत येऊ दिलं नसतं त्यांनी.

पॅनेलवर एक मॅट्रन होत्या, पिकलेल्या केसांच्या, आणि दुसऱ्या नवीन नर्सेसना शिकवणाऱ्या प्रॅक्टिस एज्युकेटर. त्यांचा पहिला प्रश्न मला कळलाच नाही. उच्चार असे की शब्द एकमेकांत मिसळून गेले. पूर्वीची मी अंदाजानं काहीतरी बोलून गेले असते. मी म्हटलं, माफ करा, जरा सावकाश परत सांगाल का? त्या हसल्या आणि सावकाश म्हणाल्या: आज इथं यायला तुम्हाला कुणी मदत केली? मी सासूबाईंचं नाव घेतलं, दारातल्या खुर्चीचंही सांगितलं. दोघींचे चेहरे सैल झाले, माझाही.

मधले काही प्रश्न अपेक्षेप्रमाणे. दाबानं होणाऱ्या जखमांचा धोका मोजायच्या स्केलचं नाव ऐनवेळी आठवलं नाही. मी तसं सरळ सांगितलं, आणि मग मी काय करते ते सांगितलं: दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा आणि माकडहाड रोज बघणं, चादरीला सुरकुती राहू न देणं, खाणं किती जातंय ते लिहिणं. मॅट्रन म्हणाल्या, नाव वॉटरलो, पण तुम्ही सांगितलंत ते जास्त कामाचं.

मग तो प्रश्न आला. बिघडत चाललेल्या पेशंटबद्दल सांगा.

मी ती रात्र सांगितली. आय हर्ड हिम ब्रीद. आय काउंटेड. आय कॉल्ड. आय कॉल्ड अगेन. आणि मग, आय डिड नॉट कॉल द कन्सल्टंट. तिथं आवाज जरा अडकला, पण वाक्य पुरं केलं. सांगितलं की आता मी त्यांचे आकडे न्यूज टूमध्ये घालून बघितलेत, ९ होतात. आज असा पेशंट असेल तर आकडा सांगून फोन करेन, आणि कुणी आलं नाही तर त्याच्या वरच्या माणसाला फोन करेन, आणि येईपर्यंत खाट सोडणार नाही.

थोडा वेळ दोघी लिहीत होत्या. मग मॅट्रननी मान वर केली. मला वाटलं विचारतील, फोन का केला नाही. त्यांनी विचारलं, “श्वास कसे मोजलेत?”

मी माझं मनगट धरून दाखवलं. पल्स मोजतोय असं दाखवायचं, नजर छातीवर, घड्याळाचा काटा एक पूर्ण फेरी. तिकडं वॉर्डात मनगटी घड्याळ घालू देत नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून म्हटलं, इथं मनगटी घड्याळ आहे, तिकडं येताना छातीला लावायचं फॉब वॉच घेऊन येईन. मॅट्रननी आपल्या युनिफॉर्मवरचं घड्याळ उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी कॉल संपला. सासूबाई आत आल्या. “काय म्हणाल्या?” “कळवतील, आई.” “वी म्हणालीस का?” “नाही म्हटलं.” त्यांनी चहा टाकला.

ऑफर शुक्रवारी आली, अटींसकट: टीबीची तपासणी, पोलीस क्लिअरन्स, आधीच्या नोकरीची पत्रं, आणि तिथं गेल्यावर ऑस्की, दहा स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा. ती पास होईपर्यंत पगाराची श्रेणी बँड फोर, झाल्यावर बँड फाइव्ह. त्या तयारीचं वेगळं लिहावं लागेल.

पण मंगळवारी रात्री मला नाइट होतीच. वॉर्डात सेकंड इयरची एक स्टुडंट होती, चार्ट भरत खाटेखाटेनं पुढं चाललेली. ११ नंबरवर दम्याच्या आजी झोपल्या होत्या. तिनं पल्स लिहिली, बीपी लिहिलं आणि श्वासाच्या रकान्यात २ लिहून पुढं शून्य काढायला पेन टेकवलं. मी तिच्या हातावर हात ठेवला. माझं घड्याळ काढून तिच्यापुढं धरलं. दोघी उभ्या राहिलो. मिनिट पुरं झालं.

“अठरा,” ती हळूच म्हणाली.

“कुणी मोजले?”

“आपण, ताई.”

“मी फक्त घड्याळ धरलं होतं.”

तिनं २ खोडला, शेजारी १८ लिहिलं आणि पुढं आपली सही केली.